तोंड बंद ठेवण्याचं प्रशिक्षण

सध्या मी भेटेल त्याला धरून एकच विषय सांगतेय. घरच्यांनी हात जोडलेत. शेजारच्या काकू लिफ्टमध्ये मी दिसले की मोबाइल कानाला लावतात. पण मला राहवतच नाही! मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, सरकारी मराठीत व्यवसायोपचारतज्ज्ञ. बरीच वर्षं काम करतेय. आणि आता मेंदूला मार लागलेल्या माणसाच्या लक्ष देण्यावर, आठवण्यावर, ठरवण्यावर काम कसं करायचं याचं प्रशिक्षण घेऊन आलेय, तर रात्री झोप लागेना झालीय.

माझं काम हाताचं. मनगट, बोटं, खांदा, स्प्लिंट, पेगबोर्ड. लकवा झालेल्या आजींनी स्वतःच्या हाताने पहिला घास तोंडात घातला की आमचा दिवस सोन्याचा. डोक्याला मार लागलेले रुग्णही यायचे. हायवेवरच्या कुठल्याही गावात हेल्मेट न घालणारी पोरं जेवढी असतात तेवढी आमच्याकडेही आहेत. हातपाय चालायला लागले की फाइलवर चांगला शेरा पडायचा आणि गाडी घरी. मग काही दिवसांनी बायको नाहीतर आई एकटीच ओपीडीत उभी. ‘मॅडम, त्याला सगळं येतं, पण तो करत नाही.’ ‘सांगितलं तर उठतात, नाही सांगितलं तर संध्याकाळपर्यंत बसून.’ ‘दूध ठेवतात आणि टीव्हीसमोर जाऊन बसतात.’ घरात याला आळस म्हणतात. सासरी नाटक म्हणतात. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये कपाळामागच्या भागाला इजा असल्याचं स्पष्ट लिहिलेलं असतं, पण तो कागद आणि हे बसून राहणं यांचा संबंध त्या बाईला कुणी सांगितलेला नसतो.

कार्यशाळा परळला होती. परळला असावी याचा मला वेगळाच आनंद, कारण इथल्याच केईएम रुग्णालयात 1950 साली कमला निंबकर यांनी ऑक्युपेशनल थेरपीचं देशातलं पहिलं शिक्षण सुरू केलं. मूळच्या अमेरिकन, लग्न करून निंबकरांच्या घरात आलेल्या. फलटणच्या कमला निंबकर बालभवनामुळे त्यांचं नाव पुष्कळ मराठी माणसांच्या कानावरून गेलेलं असतं, पण त्या कोण हे विचारलं तर सहसा कुणाला सांगता येत नाही. 1952 मध्ये या व्यवसायाची जागतिक संघटना स्थापन झाली, तेव्हा तिच्या पहिल्या दहा सदस्य देशांत भारत होता, तोही त्यांच्यामुळे. असो, भाषण थांबवते.

पहिल्याच सत्रात पडद्यावर एक चित्रफीत लावली. एक बाई चहा करतायत. डोक्याला मार लागून बरेच महिने झालेले, हातपाय उत्तम. ‘काय दिसलं ते लिहा,’ शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या. आम्ही भराभर लिहिलं: स्मृती कमी, लक्ष कमी, नियोजन कमी. मॅडमनी कागद गोळा केले, वाचले आणि परत वाटले. ‘स्मृती कुणाला दिसली? कुठल्या सेकंदाला?’ सभागृहात शांतता. पुन्हा चित्रफीत. या वेळी फक्त डोळ्यांना दिसेल तेवढंच लिहायचं. बाईंनी गॅस पेटवला. पातेलं घ्यायला वळल्या. वाटेत साखरेचा डबा दिसला, तो उघडून साखर कपात घातली. शेजारी बिस्किटांचा पुडा होता, तो फोडला. बशी घेतली, बिस्किटं मांडली, अगदी नीट गोल मांडली. गॅस पेटलेलाच, वर काही नाही.

मग मॅडमनी चित्रफितीचा पुढचा भाग लावला. त्यात बाई चहाची कृती तोंडी सांगतायत: पाणी, आलं, साखर, पत्ती, दूध, उकळी. एकही पायरी चुकली नाही! म्हणजे आठवण शाबूत होती. पण समोर येईल ती वस्तू त्यांचा हात आपल्याकडे ओढून घेत होती. अशा बाईंना ‘चहाच्या पायऱ्या’ असा छापील कागद देऊन काय होणार? तो कागद ओट्यावरची आणखी एक वस्तू होईल. त्यांच्यासाठी आधी ओटा रिकामा हवा, लागतील तेवढ्याच वस्तू पुढ्यात, आणि गॅस पेटवण्याआधी पातेलं शेगडीवर हवं. दुसऱ्या कुणाचा गॅस असाच उघडा राहील, पण त्याला पायरीच आठवलेली नसेल. तिसऱ्याला डावी बाजूच जाणवत नसेल आणि बटण नेमकं डावीकडे असेल. बाहेरून तिन्ही घरांत तक्रार एकच, ‘गॅस विसरतात’. कामाचे तुकडे करून बघणं ही तर आमच्या व्यवसायाची मुळाक्षरं. तीच नजर मी आयुष्यभर बोटांवर रोखली होती, आता ती विचारावर रोखायची. मला खुर्चीत बसवेना.

दुपारी आम्हाला रस्त्यावर सोडलं. हो, खरंच! टिम शॅलिस आणि पॉल बर्जेस या ब्रिटिश संशोधकांनी 1991 मध्ये एक निबंध लिहिला. त्यांच्याकडे कपाळामागचा मेंदू दुखावलेले तीन रुग्ण होते, टेबलावरच्या बुद्धिमत्ता चाचणीत चांगले गुण मिळवणारे, आणि घरी मात्र साधी कामं कोसळणारे. मग संशोधकांनी त्यांना बाजारपेठेत नेलं, छोट्या छोट्या कामांची यादी आणि काही नियम दिले, आणि खोलीत न सापडलेली अडचण रस्त्यावर सापडली. आमच्या यादीत एक लिंबू होतं, एक पाकीट होतं, पोस्ट किती वाजता बंद होतं हे शोधायचं होतं. एका दुकानात दोनदा जायचं नाही, प्रशिक्षकांशी बोलायचं नाही, ठरल्या वेळी ठरल्या कोपऱ्यावर उभं राहायचं. परळच्या फुटपाथवर पांढरे कोट घातलेल्या बायका हातात कागद घेऊन इकडून तिकडे पळतायत म्हटल्यावर लिंबूवाल्याने विचारलंच, ‘मॅडम, हा सरकारी सर्व्हे आहे का?’

परत आल्यावर यादी कुणी पूर्ण केली हे मॅडमनी विचारलंच नाही. ‘कशी केलीत?’ एवढाच प्रश्न. आणि मग बाहेर पडलेल्या गोष्टी बघा. एकीने तळहातावर वेळ लिहिली होती. एक सगळा रस्ता ओठांतल्या ओठांत ‘लिंबू-पाकीट-पोस्ट’ पुटपुटत चालली. एकीने सगळ्यात लांबचं काम आधी उरकलं. एकीने झालेल्या कामासरशी कागदाचा तेवढा भाग दुमडला. हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं आणि आपण असं काही करतोय हे निम्म्या जणींना विचारेपर्यंत माहीतही नव्हतं. धडधाकट मेंदू दिवसभर या युक्त्या गुपचूप वापरत असतो. मार लागला की बऱ्याचदा नेमकी हीच गुपचूप चालणारी व्यवस्था जाते. आणि ती उघडपणे, पायरीपायरीने, बोलून पुन्हा उभी करता येते! हे वाक्य मी वहीत लिहून चौकोनात घातलंय.

आता खरी मजा. अमेरिकेतल्या जोन तोग्लिया या आमच्याच व्यवसायातल्या बाईंनी यासाठी एक पूर्ण पद्धत बांधली आहे. काम सुरू होण्याआधी रुग्णाला विचारायचं, ‘यात कुठे अडखळायला होईल असं वाटतं?’ मध्येच थांबवून, ‘आत्ता कसं चाललंय?’ संपल्यावर, ‘कशामुळे जमलं? पुन्हा करायचं तर काय वेगळं कराल?’ मग तीच युक्ती थोड्या वेगळ्या कामात, मग आणखी वेगळ्या कामात. कॅनडात हेलेन पोलाताइको आणि अँजेला मँडिच यांनी हालचालींचा मेळ न बसणाऱ्या मुलांसाठी चार पायऱ्या ठरवल्या होत्या: ध्येय, बेत, कृती, तपासणी. पुढे त्याच पायऱ्या पक्षाघाताच्या आणि मेंदूला मार लागलेल्या मोठ्या माणसांसाठी वापरल्या गेल्या. बेत रुग्णाने करायचा. बिघडला तर तपासायचा त्याने. नवा बेतही त्याचाच.

आणि थेरपिस्टने? गप्प बसायचं.

वाचायला सोपं वाटतं. आमचा सराव झाला तेव्हा जोड्या लावल्या, एकीने रुग्ण व्हायचं, दुसरीने थेरपिस्ट. अट अशी की सांगायचं नाही, बोट दाखवायचं नाही, डोळ्यांनीही सुचवायचं नाही, फक्त विचारायचं. देवाशपथ सांगते, सभागृहभर बायका ओठ दाबून लाल झाल्या होत्या. नागपूरच्या एकीने अगदी निर्विकार चेहऱ्याने साखरेचा डबा कोपराने हळूच पुढे सरकवला आणि मॅडमनी तो तितक्याच हळू मागे ठेवला. आपल्याकडे आजारी माणसाला अडलेलं बघून नुसतं उभं राहणं म्हणजे जवळजवळ पाप. घरचे तर बुटाची नाडीही बांधू देत नाहीत. त्यातून दवाखान्यातली घाई: बाकावर आणखी दहा जण बसलेत, मग ‘काका, गॅस बंद करा’ हे चार शब्द केवढे स्वस्त! पण ते चार शब्द मी बोलले की गॅस बंद करण्याचा विचार माझ्या डोक्यात झाला, काकांच्या डोक्यात नाही. घरी मी नसते.

यामागे आणखी एक बारकावा आहे आणि तो मला फार आवडला. ब्रूस क्रॉसन आणि सहकाऱ्यांनी 1989 मध्ये स्वतःच्या अडचणीची जाण तीन थरांत मांडली. अडचण आहे हे माहीत असणं हा पहिला थर, ती घडत असताना लक्षात येणं हा दुसरा, आणि घडण्याआधीच अंदाज येणं हा तिसरा. घरोघरी भांडण चालतं ते पहिल्या थरावर. ‘तुला लक्षात राहत नाही, कबूल कर!’ तो कबूल करतोही, आणि दूध तरीही उतू जातं. कबुलीचा आणि उद्याच्या दुधाचा संबंध जोडला जातो तो प्रत्यक्ष शेगडीसमोर, त्या क्षणी विचारलेल्या प्रश्नातून.

मी या गप्प बसण्याच्या प्रेमात आकंठ बुडालेली असताना मॅडमनी दुसऱ्या दिवशी सकाळी नेमकं उलट शिकवायला घेतलं. काही रुग्णांना चूक करूच द्यायची नाही! ज्यांची नवी आठवण साठवण्याची ताकद जवळपास गेलेली असते, त्यांच्याबद्दल ॲलन बॅडली आणि बार्बरा विल्सन यांनी 1994 मध्ये दाखवलं की अंदाज बांधायला लावून शिकवण्यापेक्षा पहिल्यापासून बरोबर तेच करून घेतलं तर ते अधिक शिकतात. का? आपल्याला चूक आठवते म्हणून आपण ती टाळतो. त्यांना ‘मघाशी मी चुकलो’ हा प्रसंग आठवत नाही, पण हाताने केलेली कृती मात्र आत कुठेतरी उमटून राहते. ओल्या सिमेंटवर कुत्रं चालून गेलं की कुत्रं जातं आणि पंजे राहतात, तसं. याचा पाया जुना आहे. 1953 च्या शस्त्रक्रियेनंतर नव्या आठवणी बनवणं थांबलेल्या हेन्री मोलायसनना ब्रेंडा मिल्नर यांनी आरशात बघून चांदणी गिरवायला दिली होती. दिवसागणिक त्यांचा हात सफाईदार होत गेला, आणि प्रत्येक दिवशी त्यांना वाटे, आपण हे पहिल्यांदाच करतोय.

मग कुठे गप्प बसायचं आणि कुठे आधीच हात धरायचा? ऑस्ट्रेलियात तामारा ओन्सवर्थ आणि सहकाऱ्यांनी मेंदूला गंभीर इजा झालेल्या 54 जणांवर हीच तुलना केली आणि 2017 मध्ये छापली. चुका होऊ देऊन, त्या स्वतः ओळखायला शिकवलेल्या गटाने नंतरच्या स्वयंपाकाच्या कामात कमी चुका केल्या आणि त्यांना स्वतःच्या अडचणींची जाणही अधिक आली. म्हणजे ‘इजा गंभीर आहे’ एवढ्यावरून हात धरायचं ठरत नाही. या माणसाची चूक त्याच्या आठवणीत राहते का, तिच्याबद्दल बोलता येतं का, हे आधी तपासायचं. औषधाचा डबा उघडण्यासारखं रोज तसंच्या तसं होणारं काम असेल तर एक रस्ता. बाजारात जाण्यासारखं रोज वेगळं होणारं काम असेल तर दुसरा. मला वाटतं आमच्या प्रशिक्षणातला सगळ्यात अवघड भाग हाच, कारण पाठ करून ठेवावं असं यात काहीच नाही.

त्या रात्री मी वाचत बसले आणि लुरियांपाशी पोचले. अलेक्झांडर लुरिया, सोव्हिएत रशियातले डॉक्टर. त्यांचा रुग्ण झासेत्स्की, 1943 मध्ये स्मोलेन्स्कच्या आघाडीवर डोक्यात गोळी लागलेला तरुण सैनिक. अक्षरं गेलेली, जगाचा उजवा भाग दिसेनासा झालेला. रुग्णालयात त्याला एकेक अक्षर शोधून लिहायला लावत आणि हात अडून बसे. मग एक दिवस डॉक्टर म्हणाले, अक्षरांचा विचार नको, पेन न उचलता एका दमात शब्द लिहून टाक. आणि शब्द उमटला! लिहिलेलं स्वतःला धड वाचता येत नव्हतं, तरी पुढची पंचवीसेक वर्षं तो लिहीत राहिला, सुमारे तीन हजार पानं. तुटलेल्या रस्त्यावर डोकं आपटण्यापेक्षा शेजारचा शाबूत रस्ता शोधायचा. ऑलिव्हर झँगविल यांनी युद्धकाळात एडिंबरोत डोक्याला मार लागलेल्या सैनिकांसोबत काम केलं आणि 1947 मध्ये तीन वाटा लिहून ठेवल्या: उणीव भरून काढणं, दुसऱ्या क्षमतेने काम भागवणं, आणि थेट सराव. आज परळच्या फळ्यावर आमच्या मॅडम जे खडूने लिहीत होत्या त्याचं मूळ तिथे!

तिसऱ्या वाटेबद्दल, थेट सरावाबद्दल, मात्र सगळ्यांनी जरा दमाने घ्यावं असं मी आता अधिकारवाणीने सांगत फिरतेय. ‘मेंदूची ॲप’ विकणाऱ्यांचा सुळसुळाट आहे आणि नातेवाईक हौसेने टॅबलेट आणून देतात. 2010 मध्ये ‘नेचर’मध्ये एक मोठा प्रयोग छापून आला होता, 11,430 निरोगी लोकांना सहा आठवडे असे खेळ खेळायला लावले होते. खेळ सुधारला. बाकी काही नाही. मेंदूच्या इजेसाठी तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने 2023 मध्ये सुधारून काढलेल्या ‘इन्कॉग’ शिफारशीही संदर्भ सोडून केलेल्या संगणकी सरावावर विसंबू नका, असंच सांगतात.

याउलट साधं उपकरण काय करू शकतं बघा. कॅलिफोर्नियात डोक्याला मार लागलेल्या एका मुलाच्या इंजिनिअर वडिलांनी एका मानसतज्ज्ञाच्या मदतीने पेजरवर आठवणी पाठवण्याची सोय केली. बार्बरा विल्सन यांनी इंग्लंडमध्ये 143 जणांवर तिची चाचणी घेतली आणि 2001 मध्ये निष्कर्ष छापले: ती पूर्ण करणाऱ्या 80 टक्क्यांहून अधिक लोकांची रोजची कामं लक्षणीयरीत्या जास्त वेळा पार पडली. आज तो पेजर प्रत्येकाच्या खिशात आहे, फक्त तो लावायचा कसा हे शिकवावं लागतं. नुसता गजर वाजला की माणूस तो बंद करतो आणि बंद केला म्हणजेच काम झालं असं समजतो. पडद्यावर ‘गोळी’ न लिहिता ‘उठा, फ्रिजवरचा निळा डबा’ लिहायचं. गजर बंद करायचा तो डबा हातात आल्यावरच. असले बारकावे शिकवायला चांगला तासभर दिला होता, आणि मी म्हणते अजून द्यायला हवा होता.

परत आल्यावर पहिला रुग्ण मिळाला तो एसटीतले निवृत्त कंडक्टर काका. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलतेय. दुचाकीवरून पडले होते. तक्रार तीच, गॅस. मी आधी विचारलं, ‘काका, चहा करताना कुठे गडबड होईल?’ ‘काही होत नाही हो मॅडम. आख्खं आयुष्य डबल बेल मारलीय मी.’ चहा झाला, कपात गाळला, काका कप घेऊन खिडकीकडे गेले. इंडक्शन चालूच. मी ओठ मिटून उभी. इंटर्न मुलगी माझ्याकडे बघतेय, मी छताकडे. काकूंनी तोंड उघडलं, मी हाताने थांबवलं. बऱ्याच वेळाने विचारलं, ‘आत्ता कसं चाललंय, काका?’ त्यांनी कप बघितला, ओटा बघितला आणि कपाळावर हात मारला.

मग बेत. मी चिठ्ठी सुचवणार होते, जीभ चावून थांबले आणि विचारलं, ‘गाडीत तुम्ही काही राहून जाऊ नये म्हणून काय करायचात?’ काका खुलले. दार लागलंय का, पायरीवर कुणी लटकतंय का, शेवटचा माणूस चढला का, हे बघितल्याशिवाय दोरी दोनदा ओढायची नाही. डबल बेल गेली की गाडी सुटते, नंतर उपयोग नाही. बोलता बोलता स्वतःच थांबले. ‘मग इथे पण तसंच करतो की. ओट्यावरनं निघायच्या आधी सगळं बघायचं, मग डबल बेल.’ आणि हवेत हात वर करून त्यांनी नसलेली दोरी दोनदा ओढली.

मी असली युक्ती सात जन्मात शोधू शकले नसते! पुढच्या वेळी विचारलं, ‘ही आणखी कुठे लागेल?’ ते म्हणाले, पाण्याची मोटर. त्याच्या पुढच्या वेळी घराचं कुलूप. काकू वैतागून सांगत होत्या, आता देवघरातून उठतानाही डबल बेल होते. निरांजन विझल्याशिवाय दोरी ओढत नाहीत म्हणे. सगळ्याच वेळी जमतं असं नाही. पाहुणे आले की घोळ होतो, झोप झाली नसेल तर फारच होतो, आणि त्यावर काय बेत करायचा हे काकांनी अजून ठरवलेलं नाही. मीही सांगितलेलं नाही. कठीण आहे, पण नाही सांगितलं.

विभागात शेगडी हवी असा अर्ज टाकलाय. तो टेबलाटेबलांवरून फिरतोय आणि ‘फिजिकल रिहॅबमध्ये स्वयंपाक कशासाठी’ असा शेरा घेऊन एकदा परतही आला. तोवर माझा घरचा इंडक्शन, दोन पातेली, चिमटा आणि गाळणी कपाटात आहे. सोमवारी एक नवीन ताई येणार आहेत, त्यांनी स्वतः निवडलंय ते कांदेपोहे. काल इंटर्न मुलींना म्हटलं, चला, आधी आपण पायऱ्या काढू. पोहे भिजवून निथळत ठेवायचे आणि ते निथळतायत हे कांदा चिरताना डोक्यात जागं ठेवायचं, तेल तापलं का हे अंदाजाने ओळखायचं, मोहरी तडतडेपर्यंत हात आवरायचा, मिरची आणि हळदीचा क्रम, मीठ घातलं की नाही याची खात्री, मधेच दारावरची बेल वाजली तर परत नेमकं कुठे यायचं... फळा भरला, तरी आम्ही अजून कोथिंबिरीपर्यंत पोचलो नव्हतो. उरलेलं एकीने खिडकीच्या काचेवर मार्करने लिहायला घेतलं.